टेन्युइटी म्हणजे चिकाटी

सोमवारी चौथ्या तासाला, बारावी कला शाखेच्या वर्गात, उर्वशीनं एका इंग्रजी शब्दाचा अर्थ चुकीचा सांगितला. तसं पाहिलं तर ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. भंडाऱ्याच्या त्या ज्युनिअर कॉलेजात ती एकोणीस वर्षं इंग्रजी शिकवत होती, आणि एकोणीस वर्षांत कुणाच्याही तोंडून शंभर चुका निसटतात. पण आपल्या निसटत नाहीत असं उर्वशीला वाटत असे, आणि वर्गालाही तेच वाटत असे. ती फळ्यावर लिहीत होती, पाठ वर्गाकडे होती. मागून एक बारीक आवाज आला, "मॅडम, टेन्युइटी म्हणजे काय?" आवाज टीनाचा होता. टीना अड्याळहून रोज बसनं यायची, तिसऱ्या बाकावर भिंतीकडे बसायची आणि वर्षभरात तीन-चारदाच बोलली असेल. उर्वशी वळली नाही. "चिकाटी," ती म्हणाली, आणि खडूनं लिहूनही टाकलं. "टेनॅसिटी, टेन्युइटी, एकाच घरातले शब्द. धरून ठेवणं. न सोडणं." मागं पेनांची खसखस झाली. मग तोच आवाज, आणखी खाली गेलेला: "पण मॅडम, माझ्या पुस्तकात बारीकपणा दिला आहे." कोणतं पुस्तक, असं विचारल्यावर ती म्हणाली की स्पर्धा परीक्षेचं, बसस्टँडवर मिळते ते. दोन-तीन पोरी हसल्या. उर्वशीही हसली, वाईट नव्हे, मोठ्या माणसानं हसावं तसं. "स्टँडवरच्या पुस्तकात काहीही छापतात. लिहून घे. चिकाटी." तास संपवून बाकांमधून जाताना तिनं पाहिलं, टीनानं वहीत आधी 'बारीकपणा' असं लिहिलेलं होतं आणि ती ते पट्टी लावून खोडत होती. खाडाखोड नाही, पट्टीनं ओढलेली एकच सरळ रेघ. वर, उरलेल्या जागेत, 'चिकाटी'.

ती रेघ उर्वशीच्या डोळ्यांसमोरून जाईना. भंडाऱ्यातच, खात रोडवरच्या घरी येऊन तिनं कपडे बदलले, चहा टाकला, आणि चहा उकळत असताना ती कपाटातला जाड शब्दकोश काढायला गेली. पहिल्या पगारात नागपूरहून आणलेला शब्दकोश. हल्ली तो काढावाच लागत नसे. पान सापडलं तेव्हा तिला प्रथम आपल्या हाताचा राग आला, इतका सरळ तो त्या शब्दावर गेला होता. बारीकपणा. सडपातळपणा, तलमपणा, सुताचा, केसाचा. मग हवेचा किंवा द्रवाचा विरळपणा. आवाजाचा आणि उजेडाचा क्षीणपणा. युक्तिवादाचा, पुराव्याचा पोकळपणा. आणि शेवटी, आता वापरात नाही अशी खूण करून, गरिबी. चिकाटी कुठंच नव्हती. चहा उतू गेला. तिनं गॅस बंद केला, ओटा पुसला, आणि पुन्हा येऊन तेच पान वाचलं. तिला स्वतःचंच नवल वाटलं की एवढ्याशा गोष्टीनं तोंड कोरडं पडावं. नवरा भुपेंद्र ऑफिसातून आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. तिनं सांगितलं. तो बूट काढता काढता म्हणाला, "मग? उद्या सांगून टाक ना." "काय सांगू?" "माझं चुकलं." त्याला ते वाक्य किती सहज आलं, हे ती बघत राहिली. भुपेंद्र दिवसाला दहा गोष्टी चुकत असे आणि दहाही सांगून टाकत असे, आणि त्याला कुणी कमी लेखत नसे. तिला मात्र आठवून आठवूनही एक प्रसंग सापडेना, जेव्हा ती कुणासमोर ते दोन शब्द म्हणाली होती.

चिकाटी हा तसा तिच्या आवडीचा शब्द. तो तिच्याकडे वडिलांकडून आला होता. वासुदेवराव कोंढा गावचे, बोडीखालची, म्हणजे तळ्याच्या पाण्यावरची, चार एकर धानाची शेती, आणि बोलण्याचा शौक. भाताच्या रोवण्याच्या दिवसांत ते शेताच्या धुऱ्यावर छत्री घेऊन उभे असत आणि आई इतर बायांबरोबर बांधीतल्या चिखलात वाकलेली असे. गुडघ्यापर्यंत चिखल, पाठीवर प्लॅस्टिकचा घोंगता, डाव्या हातात पऱ्यांची, धानाच्या रोपांची, जुडी आणि उजवा हात सारखा खाली-वर. दुपारी बाया भाकर खायला धुऱ्यावर येत, पान-सुपारी होई, हसणं-खिदळणं होई. आई सगळ्यांत शेवटी यायची आणि सगळ्यांच्या आधी उठायची. तिचे दंड त्या वेळीही उर्वशीच्या मनगटाएवढे होते. चोळीची बाही त्यांच्यावर चिकटत नसे, फडफडत असे. वडील तिच्याकडे बोट करून म्हणायचे, "चिवट हाये तुझी माय. दिसते काडीवानी, पन मोडत नाही." हे ऐकून आई हसत असे, आणि लहान उर्वशीला अभिमान वाटत असे. आता शब्दकोश मांडीवर घेऊन बसल्यावर तिला प्रथमच असा विचार आला की आई लवकर उठत असे ती कदाचित तिच्या पदरात बाकीच्यांइतकी भाकर नसे म्हणून. तो विचार तिनं लगेच बाजूला केला, आणि तो पुन्हा आला. कॉलेजातल्या एका महिला दिनाच्या भाषणात तिनं आईवर बोलताना हाच शब्द वापरला होता, टाळ्या मिळाल्या होत्या. माझी आई म्हणजे चिकाटी. आम्ही सगळे तिच्या बारीकपणालाच चिकाटी म्हणत आलो, हे वाक्य तिच्या मनात उमटलं तेव्हा ते कुणी दुसऱ्यानं म्हटल्यासारखं वाटलं.

आणि मग अंजू आठवली. खरं तर आठवली असं नाही. अंजू दोन महिने तिथंच होती, फक्त उर्वशी त्या बाजूला बघत नव्हती. अंजू म्हणजे धाकट्या भावाची, सचिनची बायको. सचिन अड्याळच्या राइस मिलमध्ये कामाला, अंजू घर, शेत, पोरगी आणि सासू सांभाळून. पावसाळ्यापासून तिचे फोन येत होते. "ताई, आई काही खाऊन नाही राहिल्या जी." उर्वशी पेपर तपासत असे, कान आणि खांदा यांच्यात फोन धरून. "अगं, तिचं असंच असते. मी लहानपणापासून पाहते. चिवट आहे ती, काही होत नाही तिला." अंजू थोडं थांबून म्हणायची, "तुमी एकदा येऊन बसता का तिच्यापाशी? फोन न करता. असंच." येते म्हणून उर्वशी ठेवून द्यायची. फोन न करता या, असं कुणी कशाला म्हणावं, हा प्रश्न तिला पडला नव्हता. अंजूचा आवाजही टीनाच्या आवाजाच्या जातीचा होता. त्यात जोर नसे, आणि जोर नसलेल्या आवाजाला आपण खरेपणाही कमी देतो, हे उर्वशीला सोमवारच्या त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं. दसऱ्याला ती गेली तेव्हा आईच्या गळ्याखालची हाडं पदरातूनही दिसत होती. आई मात्र हसून बोलत होती, सगळ्यांच्या पंक्तीत बसून पुरणाची पोळी खात होती. परतीच्या बसमध्ये उर्वशीच्या डोक्यात एक हिशेब जुळला आणि जुळला की तो तिच्यासाठी सिद्ध झाला. समोर खाते, मागं वाळते. म्हणजे मागं कुणी देत नाही. तिनं अंजूला विचारलं नाही. सचिनला फोन लावला. "तुझ्या बायकोला सांग, माझ्या मायच्या ताटात दोन घास नीट वाढत जा म्हणा. तिच्या माहेरी म्हाताऱ्या माणसांना असं ठेवत असतील, आपल्या घरी ठेवत नाहीत." तेव्हापासून अंजूचा फोन बंद.

सात वाजता रोजच्यासारखा व्हिडिओ कॉल लागला. हा नेमही उर्वशीनंच पाडलेला, फोन तिनंच घेऊन दिलेला. आई तो दुरडीला टेकवून ठेवत असे, त्यामुळं चित्रात अर्धं छप्पर आणि खाली आईचा चेहरा. आई हसली. एकसारखे, पांढरे, ओळीत बसलेले दात. ती कवळीही उर्वशीनंच उन्हाळ्यात भंडाऱ्याला आणून, डॉक्टरकडे चार खेपा घालून करून दिली होती, आणि कॉलेजात सगळ्यांना सांगितलंही होतं, माझी माय बहात्तराव्या वर्षी पेरू खाते. "जेवलीस का?" "जेवली ना." "काय खाल्लं?" "भात. वरन." "किती?" आई जरा थांबली. "जेवढा खातो तेवढा." एरवी इथं उर्वशी पुढच्या प्रश्नावर जात असे. आज ती बघत राहिली. दात हसत होते. दातांच्या मागचा चेहरा त्यांच्याबरोबर हसत नव्हता, तो त्यांना कसाबसा धरून होता. "अंजू कुठं आहे?" "हाये ना. कामात हाये." पूर्वी अंजू मागून डोकावून "ताई, जेवल्या का जी" विचारत असे. दोन महिन्यांत तिची चौकटीत सावलीही आली नव्हती. पुराव्याचा पोकळपणा, असं उर्वशीला शब्दकोशातलं आठवलं.

मंगळवारी ती वर्गात गेली. पोरींना तिनं बसायला सांगितलं आणि स्वतः टेबलाच्या पुढं येऊन उभी राहिली. "काल मी टेन्युइटीचा अर्थ चिकाटी सांगितला. तो चुकीचा होता. टीनाचा बरोबर होता. बारीकपणा." तिला वाटलं होतं की वर्गात काही तरी होईल. काही झालं नाही. पोरींनी वह्या उघडल्या, काल लिहिलेलं खोडलं, नवीन लिहिलं. एकीनं विचारलं, "मॅडम, परीक्षेत येईल का?" टीनानं मान वर केली नव्हती. तास संपल्यावर उर्वशी तिच्या बाकाशी थांबली. "तू काल पुन्हा का नाही सांगितलंस? तुझं बरोबर होतं." टीना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "सांगितलं होतं ना, मॅडम." त्यात तक्रार नव्हती. एकदा सांगितलं होतं, एवढंच. उर्वशीनं मान हलवली. ती स्टाफरूममध्ये आली, अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला, आणि पवनीच्या बसमध्ये बसली. कोंढ्याला फोन केला नाही.

डिसेंबरची दुपार होती. पहेला गेलं, अड्याळ आलं. अड्याळच्या थांब्यावर सचिनच्या मिलचा कोंडा हवेत तरंगत होता, उन्हात सोनेरी. इथं उतरून त्याला आधी भेटावं असं तिला वाटलं, आणि हेच आपण नेहमी करतो हेही ध्यानात आलं. अंजूकडं जायचं ते सचिनवरून. ती बसून राहिली. खिडकीबाहेर धान कापलेल्या बांध्यांमधून लाखोरीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, पीक हिरवं झालं होतं. मागच्या सीटवर एक बाई कुणाला तरी सांगत होती की तिच्या जावयाला नागपूरला मोठ्या दवाखान्यात दाखवलं, काहीच निघालं नाही. उर्वशीला वाटलं, आपण गेल्यावर काय निघेल. आजार निघाला तर आपण वेळेवर ऐकलं नाही. आजार नसला, खरंच कुणी खायला देत नसलं, तर आपण दोन महिने नुसता एक फोन करून गप्प बसलो. कोणत्याही बाजूनं पाहिलं तरी आपण बरोबर निघत नाही. बसमध्ये बसल्या बसल्या तिला एक विचित्र हलकेपणा वाटला, हवा विरळ व्हावी तसा, आणि त्यात श्वास जरा कमीच पुरत होता.

कोंढ्याच्या घराचं फाटक उघडं होतं. आंगणात बाजेवर आई उन्हाला बसली होती, मांडीत सूप, सुपात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा. ती शेंगा सोलत होती. उर्वशीनं तिला पाहिलं आणि क्षणभर ओळखलंच नाही. तोंड आत गेलेलं, ओठांना सुरकुत्यांची मुरड पडलेली, हनुवटी वर आलेली, गाल असे की बोटं ठेवली तर आत जातील. एक परकी, खूप म्हातारी बाई. त्या बाईनं मान वर केली, आणि तिचा हात आधी पदराकडे गेला, मग लेकीकडे.

"कोन? उर्वशी? आज काहून आलीस?" पदराआडून शब्द ओले, पसरट येत होते. "फोन नाही केलास."

"असंच आली, माय."

"बस. पानी आनतो." ती उठली, सूप कलंडलं, दाणे आंगणात पांगले. तिची घाई पाण्यासाठी नव्हती. उर्वशी तिच्या मागं आत गेली. खिडकीत स्टीलच्या गिलासात पाणी होतं आणि पाण्यात ते दात. आईनं गिलास उचलला, पाठ फिरवली.

"माय, राहू दे ते."

"घालतो ना. दोन मिनिटं."

"राहू दे म्हटलं. इकडं वळ."

आई वळली नाही. तिच्या पाठीचे मणके लुगड्यातून मोजता येत होते. उर्वशीनं जाऊन तिच्या हातातला गिलास घेतला, खिडकीत ठेवला, आणि हनुवटीला बोट लावून तिचं तोंड उजेडाकडे केलं. लहानपणी आई तिचं तसंच करत असे, ओठाला लागलं की. "उघड." आईनं तोंड उघडलं. खालच्या हिरडीवर, डाव्या बाजूला, बोटाच्या पेराएवढी लांब जखम होती, कडा पांढऱ्या, मध्ये लाल. उजव्या बाजूला एक जुनी, भरून आलेली आणि पुन्हा फुटलेली.

"हे कधीपासून?"

"झाले काही दिवस."

"दिवाळीच्या आंधीपासून," मागून आवाज आला. अंजू दारात उभी होती, डोक्यावर लाखोरीच्या भाजीचं टोपलं, पायाला माती. तिनं टोपलं खाली उतरवलं. "पावसाळ्यापासूनच म्हना. दुपारची घडी सोडली तर दिवसभर घालून राहतात. जेवाच्या वक्ताले काढतात, पन तोवर हिरडी सोलून निघते. मंग भात बी लागते, वरन बी लागते. पेज करून देतो मी, तिखट-मीठ न टाकता. दोन घोट घेतात अन् ठेवतात."

"मग काढून का नाही ठेवली?" उर्वशीनं आईला विचारलं. "मला का नाही सांगितलं?"

"सांगतली होती ना," आई म्हणाली.

आणि उर्वशीला आठवलं. जून महिना, हेच आंगण. माय म्हणाली होती, टोचते बाई हे. आणि ती म्हणाली होती, सुरुवातीला टोचतंच, सवय होते, काढायची नाही, घालत राहायची. डॉक्टरनं तर उलट सांगितलं होतं, टोचलं की घेऊन या, घासून देऊ. ते तिनं ऐकलं होतं आणि विसरलीही होती, कारण कॉलेजचे प्रवेश सुरू झाले होते. माय एकदा बोलली होती. दुसऱ्यांदा बोलली नाही.

"दसऱ्याला पोळी खाल्लीस तू माझ्यासमोर."

"तू बघत होतीस ना."

उर्वशी भिंतीला टेकून खाली बसली. आई तिच्या समोर बसली, पदर आता तोंडावर नव्हता. न झाकलेल्या त्या तोंडानं ती बोलू लागली, हळूहळू, एखाद्या लहान पोरीला समजवावं तसं. "तुले आठवत नाही. चौथीत होतीस तू. शाळेत झेंड्याच्या दिवशी भाषन होतं. मधातच विसरलीस. घरी आलीस अन् दोन दिवस जेवली नाहीस. तुझे बाबा म्हने, एवढ्याशा चुकीसाठी पोरगी मरन. मी तुझ्यापाशी बसली होती, घास हातात घेऊन. तवापासून मले माहीत हाये. तुझी चूक झाली की तुले घास नाही उतरत." तिनं ओठ पुसले. "एवढ्या हौसेनं करून देल्लीस. आल्या-गेल्याले सांगत होतीस. म्हनलं, बसतीन कधी ना कधी बरोबर."

उर्वशीला ते भाषण आठवेना. झेंडा आठवेना. एक ताट मात्र आठवलं, पितळेचं, आणि त्याच्या पलीकडं कुणाचा तरी हात, बारीक, घास धरून ताटकळलेला. त्या दोन दिवसांत त्या हातानं स्वतः काही खाल्लं होतं की नाही, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी ती म्हणाली असती, जेवली ना. तिला रडू आलं नाही. बहात्तर वर्षांची बाई तोंडात जखम घेऊन सहा महिने हसत राहिली, कारण चव्वेचाळीस वर्षांच्या लेकीला चुकणं झेपत नाही, एवढं सरळ ते होतं, आणि सरळ असल्यामुळं त्याला कुठूनही हात घालता येत नव्हता.

"अंजू, तू तरी सांगायचं होतं मला," ती म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला कळलं की हे चुकलं.

अंजू भाजीच्या टोपल्याशी उकिडवी बसली होती. "मोनूची शपथ घातली होती आईनं. माझ्या पोरीची." ती उर्वशीकडं बघत नव्हती. "तरी मी फोन करत होतो. खात नाही म्हनत होतो. न सांगता या म्हनत होतो. अजून कसं सांगाव जी मी?" मग थोड्या वेळानं, त्याच आवाजात: "तुमी मले नाही विचारलं, ताई. त्यायले सांगितलं. आठ दिवस माझ्या हातचं जेवले नाही ते. मिलमधून येताना अड्याळहून काही-बाही खाऊन येत. पोरगी विचारे, बाबा काहून जेवत नाहीत. माझ्या माहेरी आमी मायलेकी कशा जगलो, कसं माझ्या मायनं माझ्या आजीचं केलं, हे तुमाले काय माहीत?"

आई म्हणाली, "जाऊ दे ना अंजू."

"नाही, बोलू दे तिला," उर्वशी म्हणाली. पण अंजूचं बोलून झालं होतं. ती मुळातच थोडं बोलणारी होती.

उर्वशीनं पर्समधून फोन काढला. सचिनला लावला आणि तो जमिनीवर ठेवला, आवाज मोठा करून. पलीकडं मिलचा खडखडाट होता. "हां ताई. काय झालं?" "मी घरी आली आहे. कोंढ्याला. ऐक, दसऱ्यानंतर मी अंजूबद्दल तुला बोलली होती." खडखडाट चालू राहिला. "बोलली होतीस." "ते चूक होतं. मायला कवळी टोचते म्हणून ती खात नव्हती. अंजूला माहीत होतं, मायनं शपथ घातली म्हणून तिनं ऐकून घेतलं. मी तिच्या माहेराबद्दल बोलली, तेही चूक." सचिन म्हणाला, "बरं. आता कायले ते." "कायले म्हणजे? तू आठ दिवस तिच्या हातचं जेवला नाहीस म्हणे." "घरी येतो तवा बोलतो," तो म्हणाला, आणि फोन ठेवला. आपलं चुकलं हे आपण एकाच दिवशी दोनदा सांगितलं, एवढंच उर्वशीच्या मनात आलं. सुटल्यासारखं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. जखम तिथंच होती, अंजूची फिरवलेली पाठ तिथंच होती.

"उद्या सकाळी मी मायला भंडाऱ्याला घेऊन जाते," ती म्हणाली. "डॉक्टरांना दाखवते. जखम भरेपर्यंत कवळी घालायची नाही." मग तिचं तिलाच ऐकू आलं. ती आईकडं वळली. "येशील का, माय? तुला काय वाटते?"

आईला असा प्रश्न सवयीचा नव्हता. तिनं अंजूकडं पाहिलं. "अंजू संगं येत असन तर येतो," ती म्हणाली. "तिले माहीत हाये कोठं दुखते."

अंजू आत गेली, चुलीवर पातेलं ठेवलं, तांदूळ काढले. बाहेर येऊन दाराशी थांबली. "मुक्काम करता ना? गाडी तर गेली चारची."

"राहते."

"मंग दोन मुठा जास्त टाकतो." ती पुन्हा आत गेली. थोड्या वेळानं पेजेचा वाडगा घेऊन आली, फुंकून निवलेली, त्यात साजूक तुपाचा थेंब. उर्वशीनं वाडगा घ्यायला हात पुढं केला. तिला वाटलं, आपण भरवावी. आईनं तो मधल्या मध्ये घेतला. "मले काय झालं? हात हायेत मले." ती उन्हात जाऊन बाजेवर बसली आणि पिऊ लागली, तोंड न झाकता, डावी बाजू टाळून, डोळे मिटून. मध्येच थांबून तिनं ओठावरची शितं जिभेनं आत घेतली. उर्वशी ते बिनदातांचं तोंड बघत होती. दिसायला ते चांगलं नव्हतं. पण ते तिच्या आईचं होतं आणि आत्ता ते खात होतं. वाडगा अर्ध्याच्या खाली गेला. आई थांबली नाही.

अंजूनं लाखोरीचं टोपलं आणून उर्वशीसमोर ठेवलं, शेजारी परात. "हे निवडता का? शेंडे तेवढे घ्या. काड्या ठेवू नोका, आईले लागतीन." ती समोरच बसून दुसरी परात घेऊन निवडू लागली. लहानपणी उर्वशीनं ही भाजी खंडीभर निवडली होती. तिनं भराभर हात चालवला. अंजूनं तिच्या परातीत बघितलं, दोन बोटांनी एक शेंडा उचलला, नखानं दाबून पाहिला आणि बाजूला टाकला. मग दुसरा. "हे जून हायेत, ताई. दिसाले हिरवे दिसतात. दाबून पाहा लागते."

उर्वशीनं परात पालथी केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. एकेक शेंडा नखाखाली धरून पाहू लागली. मग तिनं एक जुडी अंजूसमोर धरली.

"ही?"

अंजूनं हात थांबवला. जुडी घेतली, दाबून पाहिली.

"ही चालते," ती म्हणाली.